पहिला होल कुणासाठी, शेवटचा कुणासाठी?

प्रश्न : आमच्या शाळेच्या मागे सहा-सात एकर माळ आहे. एका अंगाला बालाघाटाची टेकडी, दुसऱ्या अंगाला शेतं. तिथे मुलांसाठी नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स आखायचं मनात आहे. मधले होल सुचतात, पण पहिल्या आणि शेवटच्या होलवरून आमच्यात एकमत होत नाही. एक सहकारी म्हणतात, पहिलाच होल असा ठेवा की कोर्सचा दरारा बसला पाहिजे. चांगला पहिला होल आणि चांगला शेवटचा होल कशानं होतो?
— एक क्रीडाशिक्षक, भूम, जि. धाराशिव

उत्तर : सर, दरारा बसवायचा असेल तर तो पुढच्या एखाद्या होलवर बसवा. पहिल्यावर नको. का, ते सांगतोच. पण हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी आधी चार ओळी.

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडू आणि काठीऐवजी चकतीनं खेळायचं गोल्फ. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, चकती फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. असं करत ती साखळ्या लोंबणाऱ्या बास्केटमध्ये पोचवायची. टी ते बास्केट हा पट्टा म्हणजे एक होल. सगळे होल मिळून ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी 1975 साली या खेळाचा पहिला कायमचा कोर्स उभारला. तेव्हा तिथे बास्केट नव्हत्या, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की हुकली यावरून वाद व्हायचे, म्हणून हेड्रिक आणि त्यांच्या मुलानं साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली अशी रचना केली. साखळी खणखणली आणि चकती टोपलीत राहिली की वाद मिटला. 1976 मध्ये हेड्रिक यांनीच या खेळाची संघटना, पीडीजीए, काढली. तुम्ही शाळेत कोर्स करताय म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. याच्या कितीतरी आधी, 1926 मध्ये, कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या छोट्या गावात रॉनल्ड गिब्सन आणि त्याचे सोबती शाळेच्या मैदानावर डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून जवळपास हाच खेळ खेळत होते.

आता पहिला होल. तो आखताना मनासमोर कोण असावं? माझ्या मते वर्गातला सगळ्यात कच्चा फेकणारा. तो टीवर उभा आहे, अंग अजून आखडलेलं आहे, मागे तिघे सवंगडी आणि त्यांच्याही मागे पुढच्या गटातली चार पोरं आपली पाळी यायची वाट पाहत उभी आहेत. दिवसभरात त्याच्यावर सगळ्यात जास्त नजरा याच क्षणी असतात. समोर पंधरा मीटरवर काटेरी बाभळीची रांग असेल, तर त्याची पहिली चकती काट्यांत, दुसरी बांधापलीकडे, आणि पोरगं शिकलं काय, तर हा खेळ आपला नाही. पुढचे आठ होल कितीही सुंदर असोत, त्यानं ते मनातून सोडून दिलेले असतात.

तुमच्या जिल्ह्यातल्या माणसाला इथे खो-खो आठवणार, हे मला माहीत आहे. 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे तुमच्याच धाराशिवच्या. खो-खोत संरक्षणाला उतरताना पहिल्या तुकडीत भरवशाचे खेळाडू पाठवायचे आणि समोरच्या संघाचा वेळ खायचा, हा डाव शहाणपणाचा ठरतो. तुमच्या सहकाऱ्यांच्या डोक्यात बहुधा तेच असावं. पण तिथे पहिल्या तुकडीसमोर प्रतिस्पर्धी असतो. इथे पहिल्या होलसमोर तुमचाच विद्यार्थी आहे, आणि त्याचा वेळ खाऊन कुणाचाच फायदा नाही.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो उलट्या बाजूनं लागतो. पहिला होल तुंबला की अख्खा कोर्स तुंबतो. सगळ्यात वाईट तुंबतो तो अगदी आखूड होल. पुढचा गट बास्केटपाशी नेम धरत असेपर्यंत मागच्या गटाला फेकताच येत नाही, कारण त्यांची चकती थेट पुढच्यांच्या डोक्याशी जाते. थोडा लांब होल असेल तर पुढचा गट दुसरी फेक करून सरकला की मागच्यांना सुरुवात करता येते. तेरा-चौदा वर्षांची नवशिकी मुलं साधारण 40-50 मीटर फेकतात असं धरलं, तर तुमचा पहिला होल 80-90 मीटरांचा, रुंद, सपाट आणि बास्केट टीवरून दिसेल असा असावा. चकती हरवण्यासारखं काही सुरुवातीच्या साठ मीटरांत नको. हरवलेली चकती शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढा चुकलेल्या फेकीतही जात नाही.

रुंद आणि सोपा म्हणजे बिनडोक नव्हे. याचं उत्तम उदाहरण गोल्फच्या माहेरघरी आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर पहिला आणि अठरावा होल एकाच विशाल गवताळ पट्ट्यात शेजारी शेजारी आहेत. दोन्हींची मिळून रुंदी शंभर मीटरांहून जास्त. पहिल्या होलवर वाळूचा एकही खड्डा नाही. चेंडू कसाही मारा, तो पट्ट्यात कुठेतरी सापडतो. पण भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अगदी तोंडाशी स्विल्कन नावाचा ओढा आडवा वाहतो. म्हणजे पहिल्या फटक्याला पूर्ण मोकळीक, आणि प्रश्न विचारायचा तो दुसऱ्या फटक्याला. तोवर माणूस सावरलेला असतो. तुमच्या माळावर ओढा नसेल तर एखादं लिंबाचं झाड बास्केटच्या आठ-दहा मीटर अलीकडे, थोडं एका बाजूला येईल असं पाहा. नवशिका त्याला वळसा घालून एक फेक जास्त घेईल, पट्टीचा फेकणारा त्याच्या कडेनं थेट जाईल. दोघंही दुसऱ्या होलवर हसत पोचतील.

ऊन आणि वाऱ्याचं गणित मात्र कागदावर करू नका, माळावर जाऊन करा. मराठवाड्यात खेळायचं म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी. दुपारी कोण येणार? तेव्हा पहिला होल पूर्वेकडे तोंड करून नको, सकाळचं ऊन डोळ्यांत येतं आणि उडती चकती दिसत नाही. याच कारणानं शेवटचा पश्चिमेकडे नको. सेंट अँड्र्यूजचा पहिला होल गावापासून पश्चिमेकडे जातो आणि अठरावा गावाकडे परत येतो, हे सोयीचंच आहे. पण तुमच्याकडे एक अडचण येते. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं सुटलं की पश्चिमेकडे फेकणं म्हणजे समोरच्या वाऱ्याशी झुंज. समोरच्या वाऱ्यात चकती वर उचलली जाते आणि नेहमीची वाट सोडून भलतीकडे वळते; नवशिक्याला हे अजिबात आवरत नाही. म्हणून भूमच्या माळावर मी पहिला होल उत्तर-दक्षिण धरीन. वारं बाजूनं येईल, ते चालतं.

प्रश्न : मग शेवटचा होल तरी सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड असावा ना?

उत्तर : हा फार लोकप्रिय गैरसमज आहे. जगभर कितीतरी कोर्सवर शेवटचा होल नुसता लांबवलेला दिसतो, म्हणजे काहीतरी भव्य केल्यासारखं वाटतं. पण विचार करा, होल सगळ्यांनाच सारखा अवघड असेल तर काय होतं? चौघांनाही पाच-पाच फेकी लागतात. पुढे असलेला पुढेच राहतो, मागचा मागेच, आणि सगळे दमून घरी जातात. शेवटच्या होलची परीक्षा एकच : एका फेकीनं मागे असलेल्या मुलाला इथे काही करून दाखवता येतं का? आणि पुढे असलेल्याला इथे काही गमावता येतं का? म्हणजे त्या एकाच होलवर कुणाला तीन, कुणाला चार, कुणाला सहा फेकी लागण्याची शक्यता हवी. अंतर वाढवून ती येत नाही. निवड करायला लावली की येते.

याचं उदाहरण घ्या. 2021 ची डिस्क गोल्फची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डेनला झाली. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या होलवर पॉल मॅकबेथ एका फेकीनं पुढे होता. तोवर पाच वेळा जगज्जेता झालेला माणूस, तो काही हातातून जाऊ देणार नव्हता. जेम्स कॉनराडची चकती बास्केटपासून सुमारे 75 मीटरवर पडली होती. तिथून त्यानं फेकलेली चकती वळण घेत आली आणि थेट साखळ्यांत गेली. बरोबरी झाली, आणि नंतरच्या प्लेऑफमध्ये कॉनराड जिंकला. आता यात नशीब किती आणि कसब किती यावर लोक अजून बोलतात. मला त्या होलबद्दल बोलायचंय. 75 मीटरवरून बास्केटपर्यंत फेकीला मोकळी वाट होती म्हणून हे घडू शकलं. कुणा आखणाऱ्यानं तिथे दाट झाडीची भिंत उभी केली असती, तर कॉनराडनं निमूट बास्केटजवळ चकती टाकली असती आणि मॅकबेथनं करंडक उचलला असता.

सेंट अँड्र्यूजचा अठरावाही बघा. 357 यार्ड, आजच्या व्यावसायिकांना अगदीच आखूड. त्या कोर्सवरच्या सोप्या होलांत त्याची गणना होते. पण 1970 मध्ये गोल्फपटू डग सँडर्सनं ब्रिटिश ओपन ही स्पर्धा जिंकायला हवा असलेला छोटासा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याचा फटका, तिथेच हुकवला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निक्लॉस जिंकला. 1995 मध्ये त्याच स्पर्धेत, याच होलवर, कोस्तान्तिनो रोक्काचा दुसरा फटका फसला, चेंडू हिरवळीपुढच्या खोलगट जागेत राहिला; तिथून त्यानं चढावरून भला लांब पट थेट भोकात घातला आणि जॉन डेलीशी बरोबरी केली. पुढे प्लेऑफ डेलीनं जिंकला, तरी लोकांना आठवतो तो रोक्काचा पट. आखूड होल, आणि दोन्ही टोकांची नाट्यं.

खरोखरीच जीवघेणा होल ठेवायचाच असेल तर तो शेवटून दुसरा ठेवा. दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिल इथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात अमेरिकेची डिस्क गोल्फची मोठी राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथला सतरावा होल प्रसिद्ध आहे. बास्केटभोवतीच्या जागेला गवताच्या गासड्यांचं कुंपण. चकती त्या बेटावर पडली तर ठीक, नाहीतर दंड. बऱ्याच जणांचं कष्टानं जमवलेलं तिथे विस्कटलेलं आहे. पण आखणाऱ्याची हुशारी अशी की त्याच्यानंतर अजून एक होल शिल्लक आहे. पडलेल्याला उठायला जागा आहे, आणि वाचलेल्यालाही अजून निर्धास्त होता येत नाही.

तुमच्या माळावर हे कसं बसवायचं? तुमच्याकडे फुकट मिळालेली मोठी संपत्ती आहे, ती म्हणजे शेताचा बांध. शेवटचा होल बांधाला लागून न्या. बांधापलीकडे चकती गेली की आउट. नियमानं एक फेक दंड, आणि जिथून ती बाहेर गेली तिथून एक मीटर आत घेऊन पुढे खेळायचं. (बांधावरून मराठवाड्यात काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको; निदान हा वाद नियमपुस्तकात सुटलेला आहे.) बांध डाव्या हाताला असेल तर उत्तम. उजव्या हाताच्या खेळाडूनं नेहमीच्या पद्धतीनं, छातीपुढून हात सोडत फेकलेली चकती वेग कमी झाला की शेवटी डावीकडे ओढ घेते. म्हणजे बास्केट बांधापासून आठ-नऊ मीटरवर असेल, तर तिकडे धाडस करणाऱ्याला त्या शेवटच्या ओढीचा हिशेब आधीच करावा लागतो. उजवीकडे भरपूर मोकळी जागा सोडा. तिथून खेळणारा सुरक्षित राहील, पण त्याला एक फेक जास्त लागेल. डावखुऱ्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून मधल्या एखाद्या होलवर बांध उजवीकडे येऊ द्या.

लांबी 85-90 मीटर पुरे. पहिली फेक झाली की 35-50 मीटर उरतात आणि खरा निर्णय तिथे येतो : थेट जायचं की राखून? हा निर्णय दुसऱ्या फेकीवर आला की कच्च्या मुलालाही त्यात भाग घेता येतो. टीवरूनच सगळं ठरलं तर होल फक्त दणकट हाताच्या दोघा-तिघांचा उरतो.

आणि शेवटची बास्केट लोक बसतात तिथून दिसली पाहिजे. मात्र फेकीची दिशा बसलेल्यांकडे नको. चकतीचं वजन 170-175 ग्रॅमपर्यंत असतं, कडा टणक असते. लागली तर टाके पडतील. प्रेक्षक बास्केटच्या मागे नकोत, बाजूला, वीस-पंचवीस मीटर लांब आणि जमलं तर थोड्या उंचीवर बसवा. वर्गांच्या खिडक्यांपासूनही ती दूर ठेवा. साखळ्यांचा आवाज खेळणाऱ्याला गोड वाटतो, गणिताच्या तासाला नाही.

प्रश्न : टेकडीवरून खाली फेकायचा होल शेवटी ठेवला तर? मुलांना फार आवडेल असं वाटतं.

उत्तर : आवडेलच. उंचावरून सोडलेली चकती हवेत इतका वेळ राहते की फेकणाराही बघत उभा राहतो. कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळच्या डीलाव्हियागा कोर्सचा सत्तावीस क्रमांकाचा होल याचसाठी गाजलेला आहे. त्याला म्हणतातच ‘जगाचा माथा’. उंचावर टी, समोर दूरवर मॉन्टेरेचा उपसागर, आणि खाली बास्केट. तिथवर लोक मुद्दाम चढून जातात.

तरी तुमच्या बाबतीत मी दोनदा विचार करीन. पहिली गोष्ट, शेवटी खाली यायचं तर त्याआधी कुणीतरी वर चढायचं आहे. सातवा-आठवा होल चढाचा होणार. चढावर चकती लवकर थकते आणि मुलंही. दुसरी, हवेत जितका जास्त वेळ, तितकं जास्त वाऱ्याच्या हाती. भूमच्या बाजूची हवा श्रावणात कशी असते ते तुम्हीच सांगाल. तेव्हा शेवटचा होल कसबाचा न राहता सोडतीचा होतो. तिसरी, मुरमाच्या उतारावर चकती कडेवर पडली तर चाकासारखी घरंगळत जाते. बास्केटपासून तीन मीटरवर पडलेली चकती तीस मीटर खाली सापडली की मोठी माणसंसुद्धा रडकुंडीला येतात.

माझा सल्ला : टेकडीचा होल ठेवा, पण चौथा किंवा पाचवा. मध्यावर असा एक आनंदाचा होल आला की दुसऱ्या अर्ध्यासाठी मुलं ताजी होतात. पहिला होल टेकडीच्या पायथ्यानं सपाटीवर, शेवटचा बांधाच्या कडेनं, आणि दोन्हींचं एक टोक एकाच सावलीच्या झाडाशी. पाण्याचा माठ, गुणपत्रक आणि बसायचा कट्टा एकाच ठिकाणी आला की देखरेखीला एक शिक्षक पुरतो. सेंट अँड्र्यूजसारखे हे दोन होल शेजारी शेजारी आले तरी हरकत नाही, फक्त जाणाऱ्या आणि येणाऱ्या फेकी एकमेकींना छेदू देऊ नका.

प्रश्न : शालेय स्पर्धा घ्यायची झाली तर छत्तीस मुलं एकाच होलवरून सोडायची का?

उत्तर : नाही, दिवस जाईल. नऊ होल, प्रत्येकावर चार मुलं, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. चौथ्यावरून सुरू करणारा गट तिसऱ्यावर संपवतो. बऱ्याच स्पर्धांतही फेऱ्या अशाच उरकतात. यात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. अशा सुरुवातीत तुम्ही इतक्या विचारानं आखलेला पहिला आणि शेवटचा होल नऊपैकी एकाच गटाच्या वाट्याला त्या क्रमानं येतो. बाकी आठ गटांचा ‘पहिला’ वेगळा आणि ‘शेवटचा’ही वेगळा. म्हणून दोन पथ्यं पाळा. एक, नऊपैकी कुठलाच टी असा नको की थंड अंगानं तिथून सुरुवात करणाऱ्याचा बळी जाईल. दोन, अंतिम फेरीतल्या चौघांना न चुकता एक नंबरवरून सोडा आणि नऊ नंबरवर संपवा, बाकी सगळ्यांना तेव्हा कट्ट्यावर बसवून पाहू द्या.

शेवटी एक विनंती. बास्केटचे पाइप लगेच काँक्रीटमध्ये गाडू नका. बाजारातल्या वेल्डरकडून हलवता येतील असे तळ लावून घ्या; टोपलीची वरची कड जमिनीपासून 82 सेंटीमीटरच्या आसपास असली की ती नियमात बसते. मग जूनपासून दिवाळीपर्यंत तात्पुरत्या जागांवर खेळा. पावसात पाणी कुठे साचतं, गवत कुठे गुडघ्याएवढं वाढतं, गुरं कुठल्या वाटेनं येतात आणि शेजारच्या शेतातली ज्वारी उभी राहिली की चकत्या कुठे गडप होतात, हे सगळं त्या पाच महिन्यांत समोर येईल. खड्डे त्यानंतर खणा, आणि पहिला खड्डा नवव्या होलच्या बास्केटचा असू द्या. ती जागा एकदा पक्की झाली की बाकीचे होल तिच्याभोवती बसवता येतात.